जे रसायन आचके आणते, तेच ते थांबवते कसे?

वाचकांचे प्रश्न : मज्जासंस्था आणि औषधे

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीचे हृदय काही मिनिटे बंद पडले होते. ती वाचली, बुद्धीही शाबूत राहिली. परंतु चहाचा कप उचलायला हात पुढे केला की हात हिसके देतो आणि चहा सांडतो. स्वस्थ बसलेली असते तेव्हा काहीच होत नाही. हा ‘लान्स-ॲडम्स’ नावाचा विकार असून मेंदूत सेरोटोनिन हे पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे रसायन कमी पडल्यामुळे होतो, असे आम्हाला सांगण्यात आले. माझ्या मुलाने वाचन केले तेव्हा त्याला नेमके उलटे आढळले : सेरोटोनिन वाढवणारे औषध टोचले की गिनीपिगला असेच आचके येतात. मग हे आचके सेरोटोनिन कमी झाल्याने येतात की जास्त झाल्याने? केळ्यांत सेरोटोनिन असते असे ऐकले. ती देऊन काही उपयोग होईल का?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपल्या मुलाने वाचले ते बरोबर आहे, आणि डॉक्टरांनी आपल्याला सांगितले तेही चूक नाही. या विषयात काम करणारी मंडळी गेली पन्नास वर्षे याच विसंगतीपाशी अडखळत आली आहेत.

आधी शब्दाविषयी थोडे. इच्छा नसताना स्नायू क्षणार्धात आखडतो आणि हिसका बसतो, त्याला वैद्यकात मायोक्लोनस म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘आचका’ हा शब्द आहे. त्याला मरणाची सावली चिकटलेली असल्यामुळे रुग्णाच्या नातेवाइकांसमोर मी तो सहसा उच्चारत नाही, पण अर्थाने तो नेमका आहे म्हणून येथे वापरतो. आकडीतही असे आचके येतात, पण प्रत्येक आचका म्हणजे आकडी नव्हे. कंपात हात लयीत थरथरतो. आचका बहुधा बेलयीत आणि विजेसारखा येऊन जातो.

जेम्स लान्स आणि रेमंड ॲडम्स यांनी १९६३ साली चार रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. चौघांच्याही मेंदूला प्राणवायूअभावी इजा झाली होती, आणि शुद्धीवर आल्यानंतर हालचाल करू गेले की त्यांना आचके येत. या आचक्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे स्नायू एकदम आखडतो. दुसरी म्हणजे त्याच्या पाठोपाठ स्नायूतला जोर क्षणभर पार नाहीसा होतो. कप उडतो तो पहिल्यामुळे आणि हातातून निसटतो तो दुसऱ्यामुळे. चालताना गुडघे अचानक लटके पडत असतील तर तेही दुसऱ्यामुळेच, आणि माझ्या मते घरच्यांनी चहापेक्षा त्याची काळजी अधिक करावी, कारण पडण्याचा धोका तेथे आहे.

सेरोटोनिनचे नाव या विकाराशी जोडले गेले ते एका उपचारातून. १९७१ मध्ये फ्रान्समध्ये लेर्मित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णाला ५-एचटीपी हे द्रव्य दिले आणि आचके कमी झाले. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून प्रथम ५-एचटीपी बनवते आणि त्यापासून सेरोटोनिन. म्हणजे ही सेरोटोनिनच्या अलीकडची पायरी. थेट सेरोटोनिन का दिले नाही, याच्या उत्तरातच आपल्या केळ्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो अडसर असतो तो सेरोटोनिनला ओलांडता येत नाही. केळ्यातले सेरोटोनिन पोटात जाईल, मेंदूत जाणार नाही. केळी खुशाल द्यावीत, पण केळी म्हणून द्यावीत. ५-एचटीपी मात्र तो अडसर ओलांडते आणि मेंदूत गेल्यावर तेथे त्याचे सेरोटोनिन होते. पुढे अशा काही रुग्णांच्या पाठीच्या कण्यातले पाणी तपासले, तेव्हा सेरोटोनिन वापरले गेल्यावर जे द्रव्य शिल्लक राहते ते त्यात कमी आढळले. ‘सेरोटोनिन कमी पडते’ हे विधान येथून आले.

गंमत अशी की त्याच वर्षी, १९७१ मध्येच, अमेरिकेत मेरी कोलमन यांनी अगदी उलट निरीक्षण प्रसिद्ध केले. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांच्या रक्तात सेरोटोनिन कमी असते, म्हणून काही बाळांना ५-एचटीपी दिले जात होते. त्यांतल्या काहींना त्या उपचारादरम्यान अंग एकदम आक्रसून घेण्याचे झटके सुरू झाले. एका ठिकाणी जे द्रव्य आचके थांबवत होते, ते दुसऱ्या ठिकाणी आणत होते. हॅरल्ड क्लॉवन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला आणि १९७३ मध्ये दाखवून दिले की निरोगी गिनीपिगला पुरेशा मात्रेत ५-एचटीपी टोचले की त्यालाही आचके येतात. आधी डोके, मग धड आणि पाय. प्राणी जागा असतो, चार पायांवर उभा असतो, आणि तरी अंग पुनःपुन्हा उसळत राहते. सेरोटोनिनला विरोध करणारे मेथिसरजाइड दिले तर हे आचके रोखता येतात. आपल्या मुलाने वाचले असेल ते हेच.

हे आचके निघतात कोठून? लंडनमध्ये चॅडविक, हॅलेट, जेनर आणि मार्सडेन यांनी १९७८ मध्ये गिनीपिगच्या स्नायूंचे विद्युत आलेख घेऊन या आचक्यांचा अभ्यास केला, तेव्हा बोट मेंदूच्या देठाकडे, म्हणजे ब्रेनस्टेमकडे गेले. हे ठिकाण पटण्यासारखे आहे, कारण सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींची वस्तीच तेथे आहे. १९६४ मध्ये डालस्ट्रॉम आणि फुक्से या स्वीडिश संशोधकांनी रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, मेंदूच्या चकत्यांवर फॉर्मल्डिहाइडची वाफ देऊन त्या विशिष्ट प्रकाशात पाहिल्या, तेव्हा देठाच्या अगदी मध्यरेषेवर या पेशी पिवळ्या चमकताना दिसल्या. त्या भागाला राफे म्हणतात आणि ग्रीकमध्ये राफे म्हणजे शिवण. दोन अर्ध्या भागांची जणू तेथे शिवण घातलेली आहे. या पेशींचे तंतू वर संपूर्ण मेंदूत पसरतात आणि खाली मज्जारज्जूतही उतरतात, जेथे स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी असतात. सेरोटोनिनमुळे त्या पेशी अधिक सहज पेटतात. आचके येण्याइतके ते वाढू शकते, यात नवल नाही.

आता आपल्या पत्नीच्या बाजूने पाहू. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही म्हणून आचके, ही स्थिती उंदरात उभी करण्याचे काम अमेरिकेत डॅनियल ट्रुआँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आणि १९९४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. रॅटचे हृदय काही मिनिटे थांबवून त्याला पुन्हा जिवंत केले, की काही दिवसांनी तो बाह्यतः सावरतो. परंतु मेट्रोनोमची टिकटिक ऐकवली की प्रत्येक ठोक्याला दचकतो. मोजण्याची पद्धत साधी आणि मला फार आवडणारी आहे : ४५ ठोके ऐकवायचे, कान हलला तर १ गुण, कान आणि डोके हलले तर २, खांद्यापर्यंत हिसका गेला तर ३, सारे अंग उसळले तर ४, आणि उडी मारली तर ५, शेवटी बेरीज. हे आचके साधारण दोन आठवड्यांनी सर्वाधिक असतात आणि पुढच्या काही आठवड्यांत ओसरतात. या रॅटला ५-एचटीपी दिले तर गुण कमी होतात. क्लोनाझेपाम आणि व्हॅल्प्रोएट या आकडीवरच्या औषधांनीही होतात. म्हणजे जे द्रव्य निरोगी गिनीपिगला उसळवते, तेच या जायबंदी रॅटला शांत करते.

या दोन टोकांना जोडणारा एक प्रयोग १९७६ चा आहे. स्टुअर्ट, ग्रोडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅटच्या मेंदूत असे विष सोडले की त्यातले सेरोटोनिनचे तंतूच तेवढे नष्ट व्हावेत. नंतर त्यांना ५-एचटीपी दिले. धडधाकट रॅट ज्या मात्रेला फारशी दाद देत नाही, त्या मात्रेला या रॅटना आचके आले. पाणीटंचाईच्या दिवसांत नळाला पाणी नसले की आपण तोट्या उघड्याच ठेवतो, आणि अवेळी पाणी सुटले की फरशीभर होते. तसेच हे आहे. सेरोटोनिन मिळेनासे झाले की ते टिपणारे पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) अधिक हळवे होतात. शिवाय उरलेले सेरोटोनिन परत शोषून घेण्याचे काम ज्या तंतूंकडे होते तेच गेलेले असतात, म्हणजे मोरीही बुजलेली असते. तेव्हा मूळ कमतरता आणि आलेला अतिरेक एकाच मेंदूत शेजारी नांदू शकतात.

शिवाय सेरोटोनिनला टिपणारे ग्राहक एकाच जातीचे नाहीत. त्यांची सात कुळे आणि किमान १४ प्रकार आहेत. काही पेशीला आवरतात, काही चेतवतात. आपल्या पत्नीच्या मेंदूत आवर घालणारा पुरवठा तुटला असावा आणि गिनीपिगमध्ये चेतवणारा पुरवठा ओसंडतो, असे मी या साऱ्यातून मानतो. हे माझे मत आहे, शेवटचा शब्द नव्हे.

व्यवहाराचे सांगतो. इंटरनेटवर पूरक आहार म्हणून ५-एचटीपीच्या कॅप्सूल मिळतात. त्या मागवू नयेत. मळमळ आणि जुलाब हा त्यांचा नेहमीचा त्रास आहे, कारण त्यातले पुष्कळसे ५-एचटीपी मेंदूत पोहोचण्याआधी बाहेरच सेरोटोनिन होऊन जाते. म्हणूनच पूर्वीच्या उपचारांत त्याच्या जोडीला, हे बाहेरचे रूपांतर रोखणारे, कार्बिडोपा देत असत. आज या विकारात सहसा क्लोनाझेपाम, व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासेटाम यांचा वापर होतो, आणि कोणते किती द्यायचे हे आपल्या न्यूरॉलॉजिस्टनीच ठरवायचे आहे. कप अर्धाच भरावा, जड बुडाचा घ्यावा, आणि कोपर टेबलावर टेकून तो उचलावा. याने चहा बराच वाचतो.

प्रश्न : डोळा लवणे, उचकी आणि झोप लागताना दचकणे हे सारे सेरोटोनिनमुळेच होते का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. उचकी आणि झोपेतला दचका हे मायोक्लोनसमध्ये मोडतात, पण ते निरोगी माणसालाही येतात आणि त्यासाठी सेरोटोनिन बिघडावे लागत नाही. डोळा लवणे तर आचकाच नव्हे. पापणीतल्या स्नायूच्या काही तंतूंची ती फडफड असते, आणि जागरण व जास्त चहाकॉफी ही तिची नेहमीची निमित्ते. उजवा लवला की डावा, याचा विचार हा स्तंभ करीत नाही.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. सेरोटोनिन आणि आचके या विषयावर प्रबंध करावा असे मनात आहे. आमच्याकडे माउस आणि रॅट दोन्ही मिळतात. कोणता प्राणी घ्यावा?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : मराठीत आपण दोघांनाही उंदीर म्हणून मोकळे होतो, आणि माझा अनुभव असा की विद्यार्थ्यांच्या चुकांची सुरुवात तेथेच होते. २५ ग्रॅमचा माउस आणि ३०० ग्रॅमचा रॅट हे एकाच प्राण्याचे धाकटे-थोरले भाऊ नव्हेत. ते दोन निराळ्या प्रजाती आहेत, आणि गिनीपिग तर दक्षिण अमेरिकेतल्या वेगळ्याच शाखेचा कृंतक आहे. त्यांच्या सेरोटोनिनच्या वागण्यातही तेवढाच फरक पडतो.

माउसला ५-एचटीपी दिले की तो डोक्याला झटका देतो. कोर्न, पिकरिंग आणि वॉर्नर यांनी १९६३ मध्ये याचा उपयोग औषधे पारखण्यासाठी केला. पाहायला बसाल तर पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला बहुधा काहीच दिसणार नाही, कारण झटका अतिशय जलद असतो : कानात काही गेल्यासारखे डोके दोन्ही बाजूंना भर्रकन फिरते आणि उंदीर लगेच मिशा पुसू लागतो. पापणी लवली की एक झटका हुकला. मी शिकवीत असताना दोन विद्यार्थ्यांना एकाच पिंजऱ्यासमोर बसवून वेगवेगळे मोजायला लावीत असे आणि त्यांचे आकडे जुळेपर्यंत खऱ्या प्रयोगाला हात लावू देत नसे. हल्ली उंदराच्या डोक्यावर बारीकसे चुंबक बसवून, पिंजऱ्याभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात उमटणाऱ्या विद्युत लहरींवरून ते मोजतात. सोय असल्यास अवश्य करावे. या झटक्यामागे ५-एचटी-२ए हा सेरोटोनिनचा ग्राहक आहे (५-एचटी हे सेरोटोनिनचेच दुसरे नाव). ज्या माउसमध्ये तो जनुकीय बदलाने काढून टाकलेला असतो, त्यांना एलएसडीसारखी द्रव्ये दिली तरी ते डोके झटकत नाहीत. पण याला मायोक्लोनस म्हणावे का? मी म्हणणार नाही. ही एक गुंफलेली, ठराविक आकाराची हालचाल आहे. तिच्यावरून २ए ग्राहकाविषयी बोलावे. लान्स-ॲडम्सविषयी बोलू नये.

रॅटमध्ये हेच द्रव्य निराळे चित्र दाखवते. भिजलेला कुत्रा अंग झटकतो तसा तो डोक्यापासून धडापर्यंत झटकतो, आणि मात्रा वाढली की पुढच्या पंजांनी जागच्या जागी तुडवत राहतो, मागचे पाय फाकतात, डोके डोलत राहते. यांतले पंजांचे तुडवणे मुख्यतः ५-एचटी-१ए ग्राहकामुळे होते, अंग झटकणे २ए मुळे. म्हणजे एकाच पिंजऱ्यात, एकाच वेळी, दोन ग्राहक दोन भाषांत बोलत असतात, आणि ‘एकूण हालचाली’ असा एकच रकाना केलात तर दोन्ही भाषा हरवतील.

खराखुरा आचका हवा असेल तर आणखी एक वाट आहे, आणि ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. हिवतापाच्या मोहिमेत जी डीडीटी घराघरांच्या भिंतींवर फवारली जात असे, ती मोठ्या मात्रेत दिली की उंदरांना आवाजाने आणि स्पर्शाने आचके येतात. ह्वांग आणि व्हॅन वर्ट यांनी १९७८ मध्ये हे मायोक्लोनसचे प्रतिमान म्हणून मांडले. डीडीटी चेतापेशीतले सोडियमचे मार्ग वेळेवर मिटू देत नाही, त्यामुळे पेशी एका इशाऱ्याला अनेकदा पेटते. या आचक्यांना ५-एचटीपी दिल्याने उतार पडतो आणि सेरोटोनिन-विरोधी औषधांनी ते वाढतात. म्हणजे येथे सेरोटोनिन हे आचक्याचे मूळ कारण नाही, तरी लगाम त्याच्याच हाती आहे. माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रयोगांत सर्वांत बोलका हा आहे : औषधाने विकार कमी झाला म्हणजे त्या औषधाची उणीव हेच विकाराचे कारण, असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा वाचावा.

आता तुमच्यापुरते. हृदय थांबवून प्राणी पुन्हा उठवण्याचे प्रतिमान पदव्युत्तर प्रबंधाच्या मुदतीत आणि साधनांत बसणार नाही. त्यात प्राणी फार दगावतात आणि जगलेल्यांची शुश्रूषा करावी लागते. डीडीटीसाठी विषारी द्रव्य हाताळण्याची व्यवस्था लागेल. मी असतो तर माउसमधला डोक्याचा झटका घेतला असता आणि शीर्षकात मायोक्लोनस हा शब्द टाळला असता. आराखडा प्रथम संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीपुढे न्यावा लागेल हे तुमचे मार्गदर्शक सांगतीलच. मोजणाऱ्याला कोणत्या प्राण्याला काय दिले आहे हे कळू देऊ नका, आणि दररोज एकाच वेळी मोजा.

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे आहेत आणि नैराश्यासाठी सर्ट्रालिन घेतात. कंबरदुखीसाठी त्यांना ट्रॅमाडॉल सुरू झाले. दुसऱ्या दिवशी पाय आपोआप उडू लागले, घाम फुटला आणि ते फार अस्वस्थ झाले. दोन्ही गोळ्या बंद केल्यावर बरे वाटले. हाही उंदरांसारखाच प्रकार का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वर्णनावरून तसे वाटते. सर्ट्रालिन सेरोटोनिनला परत शोषू देत नाही, आणि ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक असले तरी तेही काही अंशी तेच करते. दोन्ही मिळून सेरोटोनिनचा जो अतिरेक होतो त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. १९६० मध्ये ओट्स आणि शोर्ड्स्मा यांनी एका जुन्या वर्गातल्या औषधाबरोबर ट्रिप्टोफॅन दिलेल्या रुग्णांत असाच प्रकार नोंदवला होता. रॅटमध्ये पाहिलेले चित्र आणि माणसातले चित्र यांचे नाते येथे मात्र खरोखर जवळचे आहे.

माणसात त्याची एक खूण हातानेच पाहता येते. डॉक्टर रुग्णाचे पाऊल धरून झटक्यात वरच्या बाजूला दाबतात आणि तसेच धरून ठेवतात. निरोगी माणसाचे पाऊल स्थिर राहते, या रुग्णाचे घोट्यात टकटक टकटक असे लयीत ठोके देत राहते. याला क्लोनस म्हणतात, आणि आचक्यापेक्षा ते वेगळे असले तरी दोन्ही एकाच रुग्णात दिसू शकतात. हातांपेक्षा पायांत ते अधिक स्पष्ट असते. ताप चढत गेला, अंग ताठ झाले किंवा भ्रम झाला तर घरी थांबू नये, तडक रुग्णालयात न्यावे.

सर्ट्रालिन पुन्हा सुरू करायचे की नाही हे मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. ते आपल्या मनाने कायमचे सोडणेही धोक्याचे आहे. यापुढे वडिलांच्या प्रत्येक डॉक्टरला, दातांच्या डॉक्टरलासुद्धा, ते घेत असलेल्या गोळ्यांची यादी दाखवा. खोकल्याच्या औषधातले डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि लिनेझोलिड हे प्रतिजैविकही या जोडीत बसत नाहीत. आणि रुग्णालयात या अतिरेकावर जे औषध दिले जाते, ते सायप्रोहेप्टाडिन, आपल्याकडच्या अनेक घरांत भूक न लागणाऱ्या मुलाच्या सिरपच्या बाटलीत वर्षानुवर्षे फडताळात पडलेले असते. पण ती बाटली पाहून मात्रा घरी ठरवू नका.